मधातूनच वापस जाणारं दार: कापसाच्या शेडमधल्या एका ऑपनरचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर–गिरड रस्त्याच्या आतल्या अंगाला एका गावात वावराला लागून घर आहे आणि घराला लागून पत्र्याची शेड. वर्षातले बरेच महिने तिच्यात ट्रॅक्टर, फवारणीचे पंप आणि कुटार असतं. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की ट्रॅक्टर एका कडेला जातो आणि उरलेली शेड कापसाने भरते. घरात काकाजी आणि काकू दोघंच. काकूंचा खांदा धरलेला, काकाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जुनं रोलिंग शटर दोघांनाही उचलवत नव्हतं. म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने मे महिन्यात ते काढून चार फळ्यांचं दार बसवून घेतलं. हे दार दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधून वर सरकतं आणि छताखाली आडवं होतं. रुंदी दहा फूट, उंची आठ फूट. छताला मोटर आणि साखळी, म्हणजे ऑपनर, आणि हातात रिमोट.

उन्हाळाभर दार नीट चाललं. पावसाळ्यात एखाद-दोन वेळा खाली टेकून पुन्हा वर गेलं, पण परत बटण दाबल्यावर बसलं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दिवाळीनंतर मात्र रोजचा ताप सुरू झाला. काकूंनी फोनवर सांगितलं ते असं: "बटन दाबलं का मधातच येते न वापस जाते. पुन्हा दाबा, पुन्हा वापस. सकाळी म्हणाल तर एकदम बरोबर. काऊन असं करून राह्यलं, काही समजत नाही भाऊ."

आत कापूस होता. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता आणि काकाजींनी थोडा माल थांबवून ठेवला होता. दार लागलं नाही की काकाजी शेडमध्ये खाट टाकून झोपायचे. मार्गशीर्षातली थंडी, उघडं दार आणि ऑपरेशन झालेला गुडघा. त्यामुळे हे काम मी आठवड्यावर ढकललं नाही.

माझ्याआधी एका मिस्त्रीने दार पाहिलं होतं. त्याने मशीनच्या पाठीमागचा जोराचा स्क्रू, म्हणजे दाराने किती ताकदीने खाली यायचं ते ठरवणारा स्क्रू, जवळजवळ शेवटापर्यंत फिरवून दिला होता. त्यानंतर काही दिवस दार धाडकन बंद होत होतं, मग पुन्हा वापस जायला लागलं. दुसऱ्यांदा बोलावल्यावर तो म्हणाला, चौकटीवरचे खालचे दोन्ही डोळे, म्हणजे दाराखाली काही आडवं आलं तर ओळखणारे किरणांचे सेन्सर, काढून वर छताला एकमेकांसमोर बांधून टाकू, कटकटच मिटेल. काकूंनी नकार दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू येतो, तो दाराखालून पळतो, एवढंच कारण त्यांनी दिलं. संबंध प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता, असं मला आजही वाटतं.

कारण हे डोळे उगाच आलेले नाहीत. अमेरिकेत मोटरवर चालणारी अशी दारं घरोघर झाली तेव्हा त्यांच्याखाली सापडून लहान मुलं दगावली. तिथे 1990 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या घरगुती ऑपनरना खाली किरणांचा डोळा किंवा दाबाची पट्टी असणं सक्तीचं झालं. डोळा जमिनीपासून सहा इंचांच्या वर नको, हा नियमही तिथलाच. पोट टेकून रांगणारं मूल त्या किरणात यायला हवं. दोन्ही डोळे छताला बांधले की मशीनला रस्ता कायम मोकळाच दिसतो, खाली कोणीही असो.

पहिली चाचणी फळीची

शेडमध्ये पोचल्यावर आधी दार वापस का जातं ते पाहिलं नाही. वापस जायला हवं तेव्हा जातं का, ते पाहिलं. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराच्या मधोमध जमिनीवर आडवी ठेवली आणि बटण दाबलं. ही चाचणी त्या अमेरिकी मानकातलीच आहे. दार फळीला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत उलटं फिरायला हवं. इथे दार फळीवर आलं, टेकलं आणि दाबत राहिलं. साखळी ताणली गेली, वरची पट्टी बाकली, मोटर हुंकारत होती, फळीत रबराचा ठसा उमटला. दार उलटं फिरलं नाही. मी लाल दोरी ओढून मोटर सुटी केली.

काकाजी बाजूला उभे होते. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आतापर्यंत आमी याच्याखालून जात होतो?" हो, जात होते. शेळ्याही जात होत्या. युरोपातलं मानक अशा दाराच्या कडेचा दाब 400 न्यूटनवर बांधतं, म्हणजे साधारण 40 किलो वजनाइतका, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत उतरला पाहिजे. त्या दिवशी फळीवर किती दाब होता ते मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, पण पट्टी ज्या तऱ्हेने बाकली त्यावरून तो याच्या बराच वर असणार.

जोराचा स्क्रू तिथल्या तिथे मूळ खुणेवर आणला. आता दार पूर्वीपेक्षाही जास्त वेळा वापस जाणार, हे दोघांना आधीच सांगून ठेवलं. ते सांगणं गरजेचं होतं. नाहीतर मिस्त्री आला आणि बिघाड वाढवून गेला, असंच कोणालाही वाटलं असतं.

दार कुठून वापस जातं आणि केव्हा

बंद होताना दार उलटं फिरवायला अशा मशीनकडे मुळात दोनच कारणं असतात. एक, खालच्या डोळ्याला काहीतरी आडवं आल्यासारखं वाटलं. दोन, मोटरला शिकवलेल्यापेक्षा जास्त ओझं लागलं किंवा तिचा वेग पडला. बसवताना मशीनला एक फेरी शिकवतात. त्या फेरीत कुठे किती ओढ लागते, जमीन कुठे येते, हे सगळं ते लक्षात ठेवतं. नंतर त्याहून वेगळं काही जाणवलं की ते त्याला माणूस समजतं आणि दार वर नेतं. म्हणजे मशीन आपलं काम चोख करत होतं. त्याला काय दिसत होतं आणि काय लागत होतं, हे शोधायचं होतं.

त्यासाठी मी काकूंना एक काम दिलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक वेळची नोंद करायची: वेळ, दार कुठून वापस गेलं, मशीनवरचा दिवा लुकलुकला का, आणि त्या वेळी घरातले बल्ब मंद होते का. चारच गोष्टी. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर टपोरं. त्यांच्या नोंदी वाचल्यावर निम्मं काम झाल्यासारखं होतं. "सं. 5, वरूनच वापस, लाईट लुकलुक." "सं. 7, कमरेपाशी, लुकलुक नाही, बल्ब पिवळा." "रात्री 8, जमिनीले टेकून वापस." "ढग होते, सं. 5, बरोबर बसलं." ढगांची नोंद मी मागितली नव्हती. ती त्यांनी आपल्या मनाने केली आणि तीच सगळ्यात कामाची ठरली.

घरचे म्हणत होते दार एकच बिघाड दाखवतं. नोंदींत तीन वेगवेगळे दिसत होते. नुसतं "संध्याकाळी बिघडतं" एवढ्यावर गेलो असतो तर तिघांची सरमिसळ झाली असती, कारण तिन्ही संध्याकाळी भेटत होते.

पाच वाजताचा सूर्य

पहिला प्रकार स्वच्छ आभाळाच्या दिवशी, सूर्य मावळायच्या अगोदरचा अर्धा-पाऊण तास. दार जेमतेम हलायचं आणि वर जायचं, दिवा लुकलुकायचा. दिव्याचं लुकलुकणं म्हणजे डोळ्याची तक्रार. पक्कं करायला या मशीनमध्ये एक सोय आहे: भिंतीवरचं बटण दाबून धरलं की ते डोळ्याकडे दुर्लक्ष करून दार खाली आणतं, मोटरवरच्या ओझ्याची राखण मात्र चालूच राहते. मी स्वतः दारासमोर उभा राहून बटण दाबून धरायला लावलं. दार सरळ बसलं. म्हणजे मोटर, पट्ट्या, वीज यांचा इथे संबंध नव्हता.

डोळ्यांची जोडी असते. एक पाठवणारा, एक घेणारा. पाठवणारा माणसाला न दिसणारे अवरक्त किरण ठरावीक ठेक्यात सोडतो आणि घेणारा तोच ठेका ओळखतो. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, पण त्यांना ठेका नसतो, म्हणून एरवी उन्हाचा त्रास होत नाही. सूर्य खाली येऊन थेट घेणाऱ्या डोळ्याच्या काचेत शिरला की मात्र तो डोळा दिपतो. त्या झगमगाटात ठेका बुडतो आणि मशीनला वाटतं किरण तुटला.

हे दार दक्षिणेकडे तोंड करून आहे, किंचित पूर्वेला झुकलेलं. घेणारा डोळा पूर्वेकडच्या चौकटीवर होता, म्हणजे त्याचं तोंड पश्चिमेला. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेपेक्षा सुमारे 25 अंश उत्तरेकडे मावळतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडे. मे महिन्यात दार बसवलं तेव्हा मावळता सूर्य शेडच्या भिंतीमागे होता, डोळ्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता. दिवाळीनंतर तो दक्षिणेकडे सरकत सरकत दाराच्या उघड्या भागातून थेट आत यायला लागला. इकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि शेड बंद करायची वेळ नेमकी तीच.

खात्रीसाठी साडेचारनंतर तिथेच बसलो. घेणाऱ्या डोळ्यावरचा छोटा दिवा किरण जुळलेला असेल तेव्हा स्थिर पेटलेला असतो. ऊन सरळ काचेवर आलं तसा तो थरथरला आणि विझला. मी पुठ्ठ्याचा तुकडा अशा बेताने धरला की ऊन अडावं पण समोरचा किरण अडू नये. दिवा लगेच स्थिर झाला. पुठ्ठा काढला, विझला. काकाजींनी स्वतः पुठ्ठा धरून पाहिला आणि मग शेजाऱ्यालाही बोलावून दाखवला.

तात्पुरता उपाय म्हणून एक इंची पीव्हीसी पाइपचा चार बोटं लांब तुकडा आतून काळा करून डोळ्यावर टोपीसारखा चढवला. पक्का उपाय डोळ्यांची अदलाबदल: घेणारा पश्चिमेच्या चौकटीवर, तोंड पूर्वेला. पूर्वेकडे गोठ्याची भिंत आहे, त्यामुळे सकाळचा सूर्य खालच्या कोनात तिथे पोचत नाही. अदलाबदल ऐकायला सोपी वाटते, पण पाठवणाऱ्याला दोनच तारा लागतात आणि या जोडीत घेणाऱ्याला चार. दोन वीजपुरवठ्याच्या, दोन मशीनला निरोप देणाऱ्या. म्हणून चौकटीच्या वरून पाइपमधून जादा तार ओढावी लागली. ती पाइपमधूनच ओढायची, कारण कापसाच्या शेडमध्ये सरकीच्या वासाने उंदीर येतात आणि तारा कुरतडतात. निरोपाची तार तुटली तर मशीन तिलाही अडथळाच समजतं आणि दार बंद करत नाही. तशी मुद्दाम केलेली रचना आहे ती, आणि बरोबर आहे.

याच डोळ्यांची दुसरी गोष्ट कापसाची. वेचलेला कापूस शेडमध्ये ओतताना तंतू उडतात आणि काचेवर बसतात, वर कोळी जाळं धरतो. एक-दोन तंतूंनी काही होत नाही, थर साचला की किरण कमजोर होतो. शिवाय कापसाची गंजी हळूहळू पुढे घसरते आणि तिची कड किरणात येते. काकूंच्या नोंदींत भर दुपारी लुकलुकून वापस गेल्याच्या ज्या तुरळक वेळा होत्या, त्या बहुतेक याच्यामुळे. डोळ्यांपासून हातभर अंतरावर विटांची एक ओळ लावून घेतली, कापूस तिच्या आत. काच कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, ओल्या नाही, कारण ओल्यावर तंतू आणखी चिकटतात.

कमरेपाशी, बल्ब पिवळा

दुसरा प्रकार मला स्वतःला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे तो सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो. दार अर्ध्यावर, कमरेच्या उंचीला आलं की थबकायचं आणि वर जायचं. दिवा लुकलुकत नसे. बटण धरून ठेवलं तरी वापसच.

मुख्य बोर्डावर मीटर लावला. दुपारी 221 व्होल्ट. संध्याकाळी, आजूबाजूच्या ओलिताच्या वावरांत हरभऱ्याला पाणी सुरू असताना, 200. आपल्याकडे लघुदाबाच्या पुरवठ्यात 230 व्होल्टच्या वरखाली 6 टक्के धरतात, म्हणजे 216 ते 244. लाइनच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी 200 दिसणं नवीन नाही. पण शेडमधल्या सॉकेटवर मीटर नेला तेव्हा 178 आले. बोर्डापासून शेडपर्यंत येता येता 22 व्होल्ट कुठे गेले?

ते गेले कडबा कुट्टीत. घरापासून शेडपर्यंत 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साठेक मीटर गेलेली आहे आणि तिच्यावरच दोन हॉर्सपॉवरची कुट्टीची मोटर. जाऊन-येऊन त्या तारेचा रोध साधारण 2.2 ओहम होतो. कुट्टी दहा अँपिअरच्या आसपास ओढते. गुणाकार केला की 22 व्होल्ट तारेतच संपतात. गुरांना संध्याकाळी वैरण टाकायची, म्हणून कुट्टी चालू, आणि तेव्हाच कोणीतरी दाराचं बटण दाबणार. कुट्टी बंद केली तर सॉकेटवर बोर्डाइतकंच व्होल्टेज यायचं.

या ऑपनरमध्ये मोटर 24 व्होल्टची डीसी आहे आणि तिच्यामागे साधा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर. लाइनचा दाब जितका पडतो त्याच प्रमाणात मोटरचा दाब पडतो. मे महिन्यात भर दुपारी 220 च्या वर शिकवलेलं मशीन संध्याकाळी 178 वर चालवलं की मोटरला 24 च्या जागी 19 च्या आसपासच व्होल्ट मिळतात. वेग पडतो. मशीन वेगावर लक्ष ठेवून असतं. त्याच्या हिशोबाने दार कशाला तरी अडलं.

मग प्रत्येक वेळी कमरेपाशीच का? त्यासाठी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सुटं केलं आणि हाताने वरखाली केलं. ही दोरी होता होईल तो दार पूर्ण खाली असतानाच ओढायची. स्प्रिंग तुटलेली असेल आणि दार वर असेल तर ते सगळ्या वजनानिशी खाली येतं. फळीच्या वेळी दार फळीवर टेकलेलं होतं म्हणून तेव्हा ती ओढता आली. स्प्रिंग नीट असली तर हाताने अर्ध्यावर सोडलेलं दार तिथेच तरंगत राहतं. इथे ते राहिलं, म्हणजे स्प्रिंगला हात लावायचं कारण नव्हतं. ते बरंच झालं. गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद हात मोडू शकते आणि तिचं काम योग्य सळ्या आणि शिकलेला माणूस यांच्याशिवाय करूच नये.

पण हाताने दार खाली आणताना कमरेच्या जागी जडपणा लागला. पट्टीच्या वळणात बोट घातलं तर काळं ग्रीस आणि त्यात कापूस. दार चांगलं चालावं म्हणून कोणीतरी दोन्ही पट्ट्या ग्रीसने भरून ठेवल्या होत्या, आणि उडालेले तंतू त्यात गुंतून देवाजवळच्या फुलवातींसारखे वळले गेले होते. दार त्या उंचीला आलं की वरच्या फळीची चाकं नेमकी वळणातून उतरतात आणि त्या गाठींवर चढतात. थंडीत ग्रीस आणखी घट्ट. चांगल्या व्होल्टेजवर मोटर हा जडपणा ओढून नेत होती, पडलेल्या व्होल्टेजवर नाही. दोन्ही गोष्टी एकट्या असत्या तर कदाचित कोणाच्या लक्षातही आल्या नसत्या.

रॉकेल शिंपडलेल्या फडक्याने पट्ट्या चकचकीत होईपर्यंत पुसल्या. मेन स्विच बंद, कापूस मागे सारलेला, आसपास बिडी-काडी नाही, ही काळजी घेऊन. पट्ट्यांना आता काहीही लावायचं नाही. तेल लागतं ते चाकांच्या बेअरिंगला आणि फळ्यांच्या बिजागऱ्यांना, तेही हलकं आणि थेंबभर. ऑपनरसाठी बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढली आणि 1 केव्हीएचा स्टॅबिलायझर लावला. काकाजींचं म्हणणं होतं, नुसता स्टॅबिलायझर लावला असता तर तार कशाला? त्यांना सांगितलं की जुन्या तारेवर कुट्टी सुरू होताना क्षणभर व्होल्टेज आणखी खोल जातं. त्या झटक्यात स्टॅबिलायझर सावरेपर्यंत दार वापस गेलेलं असेल. कुट्टीची तारही जाड करायला हवी, ती गरम होते. तो खर्च त्यांनी कापूस विकल्यावर करायचं ठरवलं आहे.

जमिनीला टेकून

तिसरा प्रकार काळ्या मातीचा. रात्री, कुट्टी बंद, सूर्य नाही, डोळ्याची तक्रार नाही, आणि तरी दार जमिनीला टेकून वापस. दाराखाली टॉर्च धरला. पूर्वेच्या टोकाला रबर दबलेलं आणि पश्चिमेच्या टोकाला बोटभर फट. लेव्हल लावली तर दाराखालचा कोबा पूर्वेकडे दीड सेंटिमीटर उचललेला.

आपली भारी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात त्या भेगांत हात जातो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. घर बांधताना पाया खोल नेतात किंवा खाली मुरूम भरतात. दाराबाहेरचा कोबा मात्र बहुतेक वेळा काळ्या मातीवर थेट चार इंच ओततात, कारण त्याच्यावर भिंत उभी नसते. इथे तेच झालेलं. मे महिन्यात माती वाळून बसलेली होती, तेव्हा मशीनला जमीन कुठे आहे ते शिकवलं. पावसाळ्यात कोबा वर आला. पूर्वेला गोठ्याचं पाणी मुरतं आणि पलीकडे हरभऱ्याचं ओलीत, म्हणून ती बाजू डिसेंबरातही खाली बसली नव्हती. मशीनच्या लेखी जमीन अजून दीड सेंटिमीटर खाली होती, आणि त्याआधीच दार कशाला तरी आपटत होतं. पावसाळ्यातली ती एखाद-दोन वेळची कुरकुर ही याचीच सुरुवात होती.

जोर वाढवून हा प्रकार दाबता येतो. आधीच्या मिस्त्रीने नेमकं तेच केलं होतं, आणि फळीवर दाबत राहणारं दार त्यातूनच आलं. मी बंदची मर्यादा, म्हणजे खाली येताना दाराने कुठे थांबायचं ती जागा, वर घेतली, पूर्वेचं टोक हलकं टेकेल इतकीच. खालचं पातळ रबर काढून जाड, पोकळ रबर बसवलं, म्हणजे पश्चिमेची फटही भरते आणि उंदराला वाट राहत नाही.

कोब्याचा खरा इलाज खाली आहे. फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा जाड थर देऊन बांधकाम करायची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासातून मांडली, आणि कालव्यांच्या अस्तरीकरणात ती वापरली जाते. आपल्याकडचा चांगला चिकण मुरूम त्या कामाला चालतो. दारासमोरचा पट्टा खणून, मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून, मग कोबा, आणि गोठ्याच्या पाण्याला वेगळी नाली. काकाजींना हे लगेच पटलं. घराच्या पायाला त्यांच्या वडिलांनी बंड्या भरभरून मुरूम आणला होता, ते त्यांना आठवत होतं.

शिकवणी सगळ्यात शेवटी

पट्ट्या साफ, तार नवी, स्टॅबिलायझर चालू, डोळे बदललेले, मर्यादा नीट. हे सगळं झाल्यावरच मशीनची जुनी शिकवण पुसली आणि नवीन फेरी शिकवली. हा क्रम मी कधीच बदलत नाही. पट्ट्यांत ग्रीसच्या गाठी असताना शिकवलं तर मशीन त्या जडपणालाच साधारण समजतं, आणि उद्या तेवढीच ओढ एखाद्या शेळीच्या पाठीची असली तरी ते थांबणार नाही. पडलेल्या व्होल्टेजवर शिकवलं तरी हिशोब असाच चुकतो.

मग पुन्हा फळी. दार टेकलं आणि लगेच वर गेलं. कुट्टी चालू करून पुन्हा, तसंच. बंद होत असताना किरणात पाय घातला, दार वर गेलं. काकूंनी स्वतः फळी ठेवून बटण दाबलं, आणि ही फळी आता शेडमध्येच ठेवली आहे. दर महिन्याला त्या तपासणार आहेत. ज्या दिवशी फळीवरून दार वर जाणार नाही त्या दिवसापासून बटणाला हात लावायचा नाही, दार हाताने चालवायचं आणि मला फोन करायचा, असं ठरलं.

त्यानंतरच्या नोंदींत एक वापसी आहे, लुकलुकीची. काकूंनी डोळा पाहिला, कोळ्याचं जाळं होतं, पुसलं, दार बसलं. काकाजींची खाट पुन्हा घरात गेली.

लाइन गेलेली असताना दार लावायचं कसं, याचा सराव दोघांकडूनही करून घेतला, कारण रात्री तीच वेळ येते. दोरी ओढल्याशिवाय साखळीमुळे दार हाताने हलत नाही, म्हणून एकाने दार आतून दोन्ही हातांनी पेलून धरायचं, दुसऱ्याने दोरी ओढायची, मग दार हळूहळू खाली आणून आतली कडी, आणि बाहेर पडायचं ते घराकडच्या छोट्या दाराने. आमच्या पहिल्या सरावात दार कोणी धरायच्या आधीच काकूंनी दोरीला हात घातला होता. म्हणून दोरीच्या मुठीजवळ लाल अक्षरांत पाटी लावली: "दार आधी पेलून धरा, मग ओढा." एकट्याने ते करायचं नाही.

कोबा फोडायचं काम एप्रिलमध्ये काढायचं आहे, माती वाळून भेगा पडल्या की. त्याच वेळी नाली आणि कुट्टीची तार. नवा कोबा झाला तरी पहिला चांगला पाऊस होऊन पंधरा दिवस गेले की बंदची मर्यादा पुन्हा पाहायची आहे, आणि हरभऱ्याचं ओलीत सुरू झाल्यावर आणखी एकदा.